सोनपुऱ्याचं क्वार्टर

"हा नको. बाजूचा उचल. कल्ला उघडून दाखव."

मिरकरवाड्याच्या जेटीवर केरू भुवड सुरमईची तपासणी करत होता. टोपलीतले चार मासे त्याने नापास केले होते आणि पाचवा उलटासुलटा करून बघत होता. मासेवालीचा जीव मेटाकुटीला आला.

"काका, मासा हाय तो. भरतीला आलेला पोरगा नाय."

"पावणे घाटावरचे हायत," केरू म्हणाला. "काट्याचा मासा त्यांना जमायचा नाय. सुरमईच पायजे, आनी ताजी पायजे."

शेवटी दोन सुरमया पिशवीत गेल्या आणि केरू घरची एसटी पकडायला निघाला. त्याच्याकडे आज शिवा जगदाळे येणार होता, कोरेगावहून, स्वतःच्या गाडीने, बायकोला घेऊन. शिवा म्हणजे केरूचा पलटणीतला धाकटा दोस्त. दोघांची लग्नकार्यात कुठे कुठे गाठ पडली होती, फोन तर सारखाच चालू असायचा. पण शिवाची बायको हौसा कधी कोकणात उतरली नव्हती आणि केरूच्या बायकोने, चिमाने, तिला कधी पाहिलं नव्हतं. ऐकून मात्र ती हौसाला पुरती ओळखत होती. हौसाची भाकरी किती पातळ, हौसाच्या खर्ड्यात लसूण किती, हे सगळं तिला तोंडपाठ होतं. सोनपुऱ्याच्या गोष्टींत हौसा नेहमीच असायची.

केरू नायब सुभेदार होऊन सुटला होता. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्याने बर्फ बघितला, वाळवंट बघितलं, पूर्वेकडचं जळवांचं जंगल बघितलं. गावात कुणी विचारलं, की सुभेदार, तुमची सगळ्यात आवडती पोस्टिंग कुठली, तर ऐकणारी माणसं सरसावून बसायची. आता तोफा वाजणार, असं त्यांना वाटायचं. केरू म्हणायचा, "सोनपुरा." माणसं हिरमुसायची. सोनपुरा ही कुठेतरी मध्य भारतातली बारकीशी छावणी. तिथे सीमा नाही, गोळीबार नाही, काही नाही. केरू तिथे तीन वर्षं रंगरुटांना कवायत शिकवत होता. सकाळी परेडचं मैदान, दुपारी पडी, आणि संध्याकाळी शिवाच्या क्वार्टरवर गरम भाकरी. एवढंच. पण हे एवढंसं सांगायला त्याला तास पुरायचा नाही.

आणि सांगायचा ते अचूक. चिंचेचं झाड डावीकडे म्हणजे डावीकडेच. दुसऱ्या कुणाचं बोलताना जरा इकडचं तिकडे झालं, की हा हात वर करून मध्येच दुरुस्ती करणार. पुतण्याच्या लग्नात भटजींनी गोत्र चुकीचं घेतलं, तेव्हा भर मांडवात यानेच मंत्र थांबवले होते. गावातली माणसं त्याच्यापुढे गप्पा मारायलासुद्धा बिचकायची.

चिमाने सोनपुरा पाहिलं नव्हतं. खरं म्हणजे तिने कुठलीच छावणी पाहिली नव्हती. नवरा नोकरीत असेपर्यंत ती एकदाही त्याच्याबरोबर राहायला गेली नाही. यात तिला एकटीला नशिबाने गाठलं होतं असं नव्हे. या वाडीतले पुरुष एक तर मुंबईला नाही तर फौजेत, आणि बायका इथे, सासू, भात, गुरं आणि काजू यांच्या राखणीला. जगरहाटीच ती. चिमाने कधी तक्रार केली नाही.

फक्त एकदा जायचं ठरलं होतं. सोनपुऱ्यालाच. फौजेत बायकोला न्यायचं तर फॅमिली क्वार्टर लागतं, आणि त्याला नंबर लावून बसावं लागतं. केरू तेव्हा हवालदार होता, त्याचा नंबर जवळ आला होता. सुटी संपवून परत जाताना तो चिमाला म्हणाला, तयारीत राहा. चिमा राहिली. तिने रत्नागिरीतून पट्ट्याच्या चपला आणल्या. आमसुलं बांधली, तांदूळ दळून पिठाचा डबा भरला, मुलगा अजिंक्य तेव्हा दोन वर्षांचा होता, त्याला स्वेटर विणला. विहिरीवर बायकांना सांगूनही टाकलं, जरा मिरवतच. पुढच्या सुटीत केरू आला. पाय धुऊन पडवीत बसला आणि आईच्या देखतच म्हणाला, "क्वार्टर काय मिळालं नाय. नंबर मागं गेला." झालं. विहिरीवरच्या बायकांना वर्षभराची करमणूक झाली. "काय गो चिमा, गाडी चुकली काय?" डब्यातल्या पिठाच्या भाकऱ्या सासूने घरातच संपवल्या.

सरकारी काम, नंबर मागे जायचाच. चिमाने मनात राग धरला तो सरकारवर. नवऱ्यावर नाही.

दुपारी गाडी अंगणात शिरली. शिवा उतरला, त्याने केरूला कडक सलाम ठोकला, "जय हिंद उस्ताद!" म्हणाला आणि मग दोघांनी एकमेकांना मिठी मारली. दुसऱ्या दारातून हौसा उतरली. अंगाने भरलेली, बोलण्याच्या आधी हसणारी बाई. ती तरातरा चिमाकडे आली आणि वाकून पायाच पडली.

"राजश्रीवैनी!"

चिमाने मागे वळून बघितलं. मागे कुणी नव्हतं. मग तिच्या ध्यानात आलं, की ते तिचंच नाव. लग्नात केरूने ताटातल्या तांदळावर अंगठीने लिहिलं होतं ते. पण लग्नानंतर ते तांदूळ उचलले आणि नावही उचललं गेलं; माहेर याच पंचक्रोशीतलं असल्याने सगळे तिला चिमाच म्हणत राहिले. राजश्री राहिली ती रेशनकार्डावर आणि पेन्शनच्या कागदांवर. कुणी तोंडभरून त्या नावाने हाक मारलेली चिमाला आठवतच नव्हती. तिला बरं वाटलं.

"अगो, पाया कसल्या पडतेस," ती म्हणाली. "दमून आल्यात. बसा, पानी घ्या आदी."

जेवायला चौघं स्वयंपाकघरातच बसली. सुरमईचं तिखलं, तळलेल्या तुकड्या, तांदळाची भाकरी, सोलकढी. शिवा मासा बघून जरा बावचळला, पण केरूने त्याला शिकवणी दिली. "मधला एकच काटा. तो काढलास की मैदान साफ." हौसाने एक घास घेतला, डोळे मिटले, आणि दुसऱ्या घासाला ती तरबेज झाली.

"लई दिसांची इच्छा हुती वैनी, तुमच्या हातचं खायाची," ती म्हणाली. "ह्यांना सारखं म्हणायचे, एकदा घिऊन चला. त्या माउलीचं पाय धरायचं हायेत मला. माझा पोरगा तुमच्याच घरात जल्मला की."

"माज्या घरात?" चिमाने विचारलं. तिला वाटलं, घाटावर असं बोलायची रीत असेल.

"तुमच्याच की. सोनपुऱ्याच्या क्वार्टरात."

केरूचा हात ताटातच थांबला. हौसाचं लक्ष नव्हतं. ती सुरमईचा तुकडा सोडवत रंगात येऊन बोलत होती.

"मला सातवा चालू. सासरी बघाया कोण न्हाई, म्हायेरी सावत्र आई. अन् ह्यांचा नंबर पार तळाला. मी तर रडून रडून आंधळी व्हायची राहिले. तवा दादांच्या हातात क्वार्टरची किल्ली आली. दादा ह्यांना म्हणालं, शिवा, आमची मंडळी काय यायची न्हाई. सासूला सोडून येत न्हाई म्हणती, तिचा नकारच आलाय. तू रहा. वैनी, तुमी त्या येळंला नको म्हणलात, म्हणून आमाला छप्पर मिळालं. कोण सोडतंय वो आपलं हक्काचं घर? आजकाल सख्खी भन सोडत न्हाई."

"नेमात बसत न्हवतं," शिवा म्हणाला. "पर तवाच्या साबानं डोळं झाकलं. कागुदावर उस्तादांची फॅमिली, आन् घरात आमची."

"त्याचीच तर गंमत!" हौसाला हसू आवरेना. "म्हयन्याला सगळ्या बायकांची मीटिंग असायची. मेमसाब हजेरी घ्यायची. राजश्री भुवड! मी आपली गपगार. शेजारची मला कोपरानं ढोसायची, अगं तूच न्हवं का राजश्री! मंग मी हात वर करायची. दोन वर्सं मी राजश्री हुते बगा वैनी. एकदा रांगोळीत पयला नंबर आला. मेमसाबनं नाव पुकारलं, समद्यांनी टाळ्या वाजवल्या, अन् मी येडी इकडं तिकडं बघतीया, कोण बाई ही राजश्री! परात मिळाली बक्षीस. अजून त्याच परातीत भाकरी थापते."

शिवा पोट धरून हसला. हौसाच्या डोळ्यांत पाणी आलं, ते हसण्याचं की कशाचं कळेना. केरू हसला नाही. तो ताटाकडे बघत होता आणि त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

चिमाच्या हातात सोलकढीचं भांडं होतं. ते तिने खाली ठेवलं. क्वार्टर मिळालं होतं. नंबर मागेबिगे काही गेला नव्हता. किल्ली हातात आली होती, आणि नकार गेला होता तिच्या नावाने, तिला न विचारता. आता ती नुसतं एवढं म्हणाली असती, की मला कुणी विचारलंच नव्हतं, तर या उस्तादाची या चेल्यापुढची सगळी अब्रू त्या ताटातच सांडली असती. केरूने मान वर केली नाही. आपली बायको आता काय बोलेल, याची वाट बघण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरलं नव्हतं. चिमाला वाटलं, बोलावं. सांडू दे सगळं.

समोर हौसा पदराने डोळे टिपत होती. तिचं काय चुकलं होतं?

"सासू एकटी व्हती," चिमा म्हणाली. "तिला टाकून कसं येनार? बरं झालं तुमी ऱ्हायलात. घर रिकामं ऱ्हायलं नाय."

केरूने श्वास सोडल्याचं तिला ऐकू आलं. तिने त्याच्याकडे बघितलं नाही. हौसाच्या ताटात आणखी एक तुकडी वाढली आणि तिच्यासमोर मांडी घालून बसली.

"पन मना सांग. त्या घरात चूल कुठं व्हती?"

"चूल न्हाई वैनी, इस्टो. ओटा हुता, खिडकीखाली."

"खिडकीतून काय दिसायचं?"

"म्हागच्या लायनीतल्या बायकांची धुणी!" हौसा हसली. मग आठवून आठवून सांगू लागली. दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत लोखंडी खाट, ती सरकारी. लाल फरशी, पुसली की आरशावानी. मागच्या अंगणात पेरू, पण आंबट. नळ सगळ्या लायनीला एकच, सकाळी तिथे भांडणं. शेजारी एक पंजाबीण, ती लोणचं द्यायची आणि वाटी परत मागायची नाही. चिमा विचारत होती. थंडीत अंगावर काय घ्यायचात? बाजार किती लांब? पोराला ताप आला तर डॉक्टर? आपलं घर भाड्याने दिलेल्या बाईने भाडेकरणीला विचारावं, तसं सगळं नीट विचारून घेत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणे गणपतीपुळ्याला निघाले. चिमाने हौसाची ओटी भरली. हौसाने पुन्हा पाय धरले आणि या वेळी चिमाने तिला अडवलं नाही.

गाडी वळणापलीकडे गेली तरी केरू अंगणातच उभा होता. चिमा मागल्या दारी भांडी घासायला बसली होती. बऱ्याच वेळाने तो तिथे आला आणि जांभ्याच्या पायरीवर बसला.

"तुला सांगनार व्हतो मी."

"कवा?"

केरूने डोक्यावरून हात फिरवला.

"मी निघताना आईनं मना तोंडावर सांगितलेलं. तू हिला नेलास तर यंदा भात लावनार नाय, घर बंद करून भावाकडं जाऊन ऱ्हानार. बा नाय, भाऊ मुंबईला. मी काय करायचं व्हतं, तूच सांग. तुला नाय म्हनायचं, का तिला? दोघींना दुखवायचं माज्याच्यानं झालं नाय."

"दोघींना कुठं?" चिमा म्हणाली. "एकीला दुखवलात."

ती भांडं घासत राहिली.

"आईचं मना सांगू नका. आई कशी व्हती ते तुमच्यापेक्षा मना जास्त म्हाईत. तिचं शेवटपरेंत मी केलंय. आईनं नेऊ नको म्हटलान, ते मना येऊन सांगायचं व्हतंत. रडले असते, भांडले असते, ऱ्हायले असते. पन तुमी मना सांगितलात क्वार्टर नाय, आनी त्यांना सांगितलात बायको नाय म्हनते. मी कवा नाय म्हटलं ओ? मी चपला आनून बसले व्हते."

"कसल्या चपला?"

"पट्ट्याच्या. तुमच्या त्या सोनपुऱ्यात बाया चपला घालून फिरतात, असं तुमीच सांगितलेलंत." तिने हातातलं पातेलं पालथं घातलं. "वर्षभर विहिरीवर बाया हसल्या मना. ते पन तुमाला म्हाईत नाय. तुमाला चिंचेचं झाड कुठल्या बाजूला व्हतं ते म्हाईत."

केरूला खरंच माहीत नव्हतं. चपलांचं नाही, विहिरीचं नाही. आईने त्या संध्याकाळी, क्वार्टर मिळालं नाही हे कळल्यावर, गुळाची खीर केली होती, तेवढं मात्र त्याला आता आठवलं. ती खीर त्याने दोन वाट्या खाल्ली होती.

"मना लय राग आलाय तुमचा," चिमा म्हणाली. आवाज चढवून नाही. ताप आलाय म्हणून सांगावं तशी. "न्हेलं नाय त्याचा येवडा नाय. पन इतकी वर्सं मनाच येऊन सांगत बसलात. सोनपुरा असं नी सोनपुरा तसं. माज्याच घरात जेवून यायचात, आनी चव मना सांगायचात."

"चुकलं माझं," केरू म्हणाला.

"चुकलंच." ती भांड्यांची पाटी उचलून आत गेली.

त्यानंतर घरात बोलणं उरलं ते कामापुरतं. जेवायला वाढलंय. गाय सोडली. लाइट बिल आलंय. चिमा रागावली म्हणून स्वयंपाकात मीठ कमी पडलं नाही की चहा उशिरा झाला नाही. त्यामुळे केरूला तर जास्तच अवघड झालं. कुणी त्याला पोस्टिंगचं विचारलं, तर तो वाळवंटाचं काहीतरी अर्धवट सांगून उठायला लागला. सुभेदाराची तब्येत बरी नाही काय, असं वाडीतली माणसं आपसात विचारू लागली.

काजूच्या बिया वेचून आणल्या होत्या. एका दुपारी दोघं पडवीत समोरासमोर बसून बोंडापासून बिया सोडवत होती. मध्येच चिमाने विचारलं,

"दार कुठल्या अंगाला व्हतं?"

"कसलं दार?"

"क्वार्टरचं."

केरूने चमकून तिच्याकडे बघितलं. ती बोंड पिळत होती.

"पूर्वेला," तो म्हणाला.

"म्हंजे सकाळचं ऊन आत यायचं."

"यायचं. थेट खाटेपरेंत."

"मग फुडं सांगा. हौसाला काय सगळं आठवत नव्हतं. कागदावर दोन वर्सं मी ऱ्हायले ना तिथं? मग मी कशी ऱ्हायले ते मना कळाया नको?"

केरू सांगू लागला. पहिल्यांदा अडखळत, कारण आजवर जी गोष्ट तो छाती पुढे काढून सांगायचा, तीच आता चोरीचा माल परत केल्यासारखी एकेक करून बाहेर काढायची होती. बाजार बुधवारचा. रामलीला छावणीच्या गेटाबाहेर. थंडीत बायका दुपारच्या खाटा उन्हात काढून विणत बसायच्या, हिरवे मटार सोलायच्या. चिमा मध्ये मध्ये विचारायची, आणि कंटाळून तो थांबला तर थांबू द्यायची नाही. बिया संपल्या तेव्हा तिचे हात काजूच्या रसाने काळे झाले होते. राग गेला होता असं नाही, पण ती उठली तेव्हा, "च्या घेनार काय?" असं तिने आपणहून विचारलं.

महिन्याची गोळ्या-औषधं आणायला दोघं रत्नागिरीला माजी सैनिकांच्या दवाखान्यात गेली. गर्दी होती. बाकावर चिमाच्या शेजारी एक मुलगी बसली होती, मांडीवर तान्हं बाळ, पायाशी पिशवी. सासऱ्यांना घेऊन आली होती. ते आत तपासायला गेले होते. नाव समीक्षा, गाव खेडच्या बाजूचं. बाळाने चिमाचं बोट धरलं आणि ओळख झाली.

"ह्याचा बाबा कुठं असतो?"

"आर्मीत. आता जबलपूरच्या पुढं पोस्टिंग झालंय. क्वार्टर पण मिळालं," समीक्षा म्हणाली. पण म्हणताना तिचा चेहरा काही खुलला नाही. "सासूबाई म्हणतात, आंबा-काजूचा हंगाम होऊ दे, मग पावसाळ्याचं बघू. हे म्हणतात, क्वार्टर किती दिवस रिकामं ठेवणार. मला तर काही कळेनासं झालंय. तिकडं आपलं कोण नाही, भाषा येत नाही. तुम्ही कधी गेला होता का हो काकी, काकांबरोबर राहायला?"

बाकाच्या टोकाला केरू पेपर वाचत होता. पेपर हलायचा थांबला.

चिमाने बाळाच्या मुठीतून आपलं बोट हळूच सोडवून घेतलं.

"गेले व्हते तर," ती म्हणाली. "सोनपुऱ्याला. दोन वर्सं."

एवढं बोलून ती जरा थांबली. जगातल्या कुठल्याही माणसाची चूक दुरुस्त केल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही, तो माणूस हातभर अंतरावर बसला होता. त्याला बोलायला तिने सवड दिली. केरूने पेपराचं पान उलटलं.

"दोन खोल्या व्हत्या," चिमा पुढे म्हणाली. "लाल फरशी. पुसली की तोंड दिसायचं. सकाळचं ऊन थेट खाटेवर. शेजारी पंजाबीण व्हती, तिची भाषा मना येत नव्हती नी माझी तिला. काय अडलं नाय. ती लोनचं द्यायची, मी आमसुलं द्यायची. थंडीत दुपारी उन्हात खाटा टाकून आमी मटार सोलत बसायचो. एकदा रांगोळीत माझा पैला नंबर आला. मेमसाबनं नाव पुकारलान, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"खरंच?" समीक्षाचे डोळे मोठे झाले.

"मग! तू जा गो. हंगाम काय, दरसाल येतो. आनी जायचं का नाय ते तुझ्या तोंडानं सांग. दुसऱ्या कुणाला तुझ्या नावानं सांगू देऊ नको."

समीक्षा हसली. बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत तिने विचारलं,

"पण पहिल्या दिवशी काकी? म्हणजे अगदी उतरल्यावर. भीती नाही वाटली? मला त्याचीच धास्ती वाटते. एवढी लांबची गाडी, बाळ घेऊन उतरायचं, कोण न्यायला येतंय की नाही…"

चिमा बोलायला गेली आणि तिला काही सापडेना. क्वार्टरातलं सगळं तिला ठाऊक होतं. खाट, नळ, पेरू, बुधवारचा बाजार. तिथे पोचायचं कसं, हे तिने कुणालाच विचारलं नव्हतं. सुचलंच नव्हतं. ती हातातल्या पिशवीचा बंद नीट करू लागली. समीक्षा तिच्या तोंडाकडे बघत होती.

केरूने पेपराची घडी घातली. चष्मा काढून खिशात ठेवला.

"मी गेलो व्हतो स्टेशनात," तो म्हणाला.

दोघींनी त्याच्याकडे बघितलं. केरू भुवडने आयुष्यात कधी न घडलेली गोष्ट सांगितली नव्हती. त्याला ते जमत नव्हतं हे दिसत होतं. पण तो समोर भिंतीकडे बघून, रंगरुटांना हुकूम द्यावा तसं एकेक वाक्य सावकाश बोलू लागला.

"गाडी लेट व्हती. मी सकाळधरनं फलाटावर. ही उतरली ती पार मागच्या डब्यातनं. कडेवर पोरगं, तोंड सगळं धुळीनं भरलेलं. मना वळखता येईना. मी दुसऱ्याच बाईची ट्रंक उचलायला गेलो."

समीक्षा खळखळून हसली. "मग?"

केरूने पेपराची घडी गुडघ्यावर ठेवली.

"मग टांगा केला. टांगेवाल्याला घाई. मी त्याला म्हटलं, बाबा, दामटू नको. सावकाश चल. हिला सगळं बघू दे."

आतून भुवडांचं नाव पुकारलं. केरू उठायला लागला. चिमाने त्याच्या बाहीला धरून त्याला खाली बसवलं.

"दुसऱ्या कुणाला जाऊ दे आत," ती म्हणाली. "तुमी सांगा. रस्त्यानं काय काय लागलं?"